अंगावरचं सोनं आणि कागदावरचं सोनं



सोयाबीनची पट्टी हातात आली, कापसाचे पैसे झाले, की घरात सोन्याचा विषय निघतो. हल्ली कोणी ना कोणी सांगतं, ‘दागिना कशाला? कागदावर सोनं घ्या.’ हे म्हणणं खोटं नाही, पण पुरतंही नाही.

आधी दागिन्याचा हिशेब. सोयीसाठी धरू या, की २२ कॅरेटचा भाव ग्रॅमला १०,००० रुपये आहे. १० ग्रॅमच्या पोतीचं सोनं झालं एक लाखाचं. शेकडा १२ प्रमाणे घडणावळ १२,०००. दोन्हींवर ३ टक्के जीएसटी, म्हणजे ३,३६०. एकूण १,१५,३६०. दुसऱ्या दिवशी तीच पोत मोडायला नेलीत, तर सराफ फार तर सोन्याचे लाख रुपये देईल. घट धरली तर त्याहून कमी. अंगावर घालायची असेल, तर हा खर्च हौसेचा समजा. पण लेकीच्या लग्नासाठी म्हणून आठ वर्षं आधीच नक्षीचा हार करून ठेवणं महागात पडतं. तिला तो घाट आवडला नाही, की मोडा आणि पुन्हा घडणावळ भरा!

दागिना घेताना त्यावर बीआयएसचं चिन्ह, २२ कॅरेटसाठी ९१६ हा आकडा आणि सहा अक्षर-अंकांचा क्रमांक भिंगातून पाहून घ्या. १ एप्रिल २०२३ पासून हा क्रमांक सक्तीचा आहे. मोबाइलवर ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये तो घालून खात्री करता येते. पक्की पावती मागायला लाजू नका.

आता कागद. सरकारने २०१५ साली सुवर्ण रोखे काढले. मुदत आठ वर्षं, पाच वर्षांनंतर परत करण्याची सोय, शिवाय व्याज. फेब्रुवारी २०२४ मध्ये ग्रॅमला ६,२६३ रुपये दराने ज्यांनी १० ग्रॅम घेतले, त्यांना अडीच टक्क्यांप्रमाणे वर्षाला सुमारे १,५६५ रुपये मिळतात. मुदत संपली की त्या वेळच्या भावाने पैसे मिळतात, सोनं नव्हे. मात्र ती विक्री शेवटची ठरली. त्यानंतर सरकारने नवे रोखे काढलेले नाहीत. ‘नवा रोखा देतो’ म्हणून कोणी पैसे मागू लागला, तर देऊ नका.

दुसरा प्रकार गोल्ड ईटीएफ. फंडवाले चोख सोनं तिजोरीत ठेवतात आणि त्याचा हिस्सा तुमच्या नावे करतात. घडणावळ नाही, चोरीची धास्ती नाही. थोडा वार्षिक खर्च कापला जातो आणि डीमॅट खातं लागतं. मोबाइलवर दहा-वीस रुपयांत मिळणारं ‘डिजिटल गोल्ड’ मात्र वेगळं. त्यावर आपली देखरेख नाही, असं सेबीने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केलं आहे. आमच्या मते त्यापासून लांब राहावं.

तरीही सगळंच सोनं कागदावर नेऊ नका. मृगाचा पाऊस पडला, बी-खताला पैसा हवा, तेव्हा बँक दागिना तारण घेते आणि कर्ज फिटलं की तोच दागिना घरी येतो. ईटीएफवर किंवा सोन्याच्या बिस्किटावर कर्ज द्यायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. ते विकावंच लागतं. म्हणून पेरणीच्या अडीनडीपुरता साधा, खड्यांशिवायचा दागिना घरात असावा. खडे तारणाच्या वजनात धरत नाहीत. त्यावरची शिल्लक पाच-सात वर्षं लागणार नसेल, तरच ईटीएफचा विचार करा. भाव पडला तर दोन्हींना फटका बसतो, हेही धरून चाला.

आणखी एक. दागिना घरातल्या बायकांना ठाऊक असतो, कागद बहुधा घरधन्यालाच. रोखा असो की ईटीएफ, त्यावर वारसाचं नाव आजच लावून घ्या, आणि कागद ट्रंकेत कुठे ठेवलाय ते कारभारणीला दाखवून ठेवा.