नळीची आवडनिवड

पॅरिसमध्ये १ ऑगस्ट २०२४ला स्वप्नील कुसाळेनं ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक जिंकलं आणि राज्यातल्या बहुतेक संपादकांना एकदम कोल्हापूर आठवलं. आमच्या संपादकांचा प्रश्न सरळ होता. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा हा मुलगा, त्याच्या आधी तेजस्विनी सावंत, राही सरनोबत. कुस्तीच्या या मुलखात इतके नेमबाज येतात कुठून? जाऊन बघा आणि लिहा.

या प्रश्नाची ठरलेली उत्तरं कुणीही देतं. संस्थानी काळातलं शिकारीचं वेड, घराघरातली खेळाची ओढ, वगैरे. अधिकृत इतिहासही छोटा आहे. राष्ट्रीय रायफल असोसिएशन १९५१ची, तिचे पहिले अध्यक्ष लोकसभेचे सभापती दादासाहेब मावळणकर. त्यांच्या नावाची स्पर्धा आजही नवख्या नेमबाजाची पहिली मोठी पायरी असते. २०१०मध्ये म्युनिकला तेजस्विनी सावंत यांनी ५० मीटर प्रोनमध्ये, म्हणजे पालथं पडून, ६००पैकी ५९७ गुण मिळवून विश्वविक्रमाशी बरोबरी केली. नेमबाजीत जगज्जेती ठरलेली ती पहिली भारतीय महिला. आणि कुसाळेचं पदक म्हणजे १९५२च्या खाशाबा जाधवांनंतर महाराष्ट्राच्या खेळाडूनं ऑलिंपिकमध्ये मिळवलेलं पहिलं वैयक्तिक पदक. सत्कार समारंभाच्या पत्रिकेत एवढं सगळं असतंच.

मला अडकवलं ते एका लोखंडी व्हाइसनं.

एका छोट्या रेंजच्या मागच्या खोलीत, जमिनीत पुरलेल्या काँक्रीटच्या खांबावर तो बोल्टांनी आवळलेला आहे. बनवणाऱ्याला सगळे मिस्त्री म्हणतात. त्यांचा हात कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या लेथवर बसला. पुढे रेंजवरच्या रायफलींची देखभाल त्यांच्याकडे आली. व्हाइसचं ओतकाम त्यांनी तिथल्याच एका फाउंड्रीतून करून घेतलं आणि जबडे स्वतः घासून बसवले. रायफलचा दस्ता काढायचा, नुसती नळी आणि मागची अॅक्शन या जबड्यांत धरायची आणि खिडकीतून ५० मीटरवरच्या इलेक्ट्रॉनिक टार्गेटवर बार काढायचे. खांदा नाही, श्वास नाही, डोळा नाही.

“आधी माणूस बाजूला काढायचा,” मिस्त्री म्हणाले. “मग जे उरतंय, ते बंदुकीचं.”

हे वेगळं काढणं इतकं महत्त्वाचं का, ते आकड्यांत दिसतं. ५० मीटरवरच्या टार्गेटमधलं दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचं. गोळी स्वतः ५.६ मिलिमीटरची. दशांशात गुण मोजले तर सर्वोत्तम बार १०.९, आणि मध्यापासून प्रत्येक ०.८ मिलिमीटर सरकण्याला एक दशांश जातो. गोळी नळीतून सेकंदाला साधारण ३२७ मीटर वेगानं निघते. तो वेग मुद्दाम आवाजाच्या वेगाखाली ठेवलेला असतो, कारण आवाजाची सीमा ओलांडून परत खाली येताना गोळी डगमगते. आता एखादी गोळी सेकंदाला फक्त ५ मीटर हळू निघाली, तर ५० मीटरवर ती सुमारे ४ मिलिमीटर खाली लागते. नेमबाजानं काहीही न चुकता अर्धा गुण गेला. २०१२च्या लंडन ऑलिंपिकमध्ये प्रोन प्रकारात जॉयदीप कर्माकर चौथे आले, तेव्हा कांस्यपदक त्यांच्यापासून १.९ गुणांवर होतं.

लांब पल्ल्याच्या मोठ्या रायफलींत या दुखण्यावर नेमबाजाच्या हाती उपाय असतो: काडतूस स्वतः भरायचं. ३०० मीटरच्या स्पर्धेतले किंवा अमेरिकेतले बेंचरेस्टवाले, म्हणजे मेजावर रायफल टेकवून नेम धरणारे, तेच करतात. उडवलेली पितळी पुंगळी पुन्हा मापात आणतात, नवी टोपी बसवतात, दारू तोलून घालतात, गोळी किती खोल बसवायची ते केसाच्या हिशेबानं बदलतात. ग्रुप, म्हणजे टार्गेटवरचा बारांचा पुंजका, फाकला की एकेक गोष्ट बदलून पाहतात. पुंगळीची मान गोळीला सारखी पकडत नाही का? गोळी तिरकी बसली का? दारूच्या मापात फरक पडतोय का? आपल्याकडे शस्त्र कायद्याखाली त्याला परवाना लागतो, पण तांत्रिकदृष्ट्या निदान तो मार्ग उघडा आहे.

पॉइंट टू-टूला, म्हणजे ५० मीटरच्या या छोट्या काडतुसाला, तोही नाही. त्याची ठिणगी पुंगळीच्या तळाच्या कडेत असते. कारखान्यात ओला स्फोटक लगदा पुंगळीत टाकून ती गरगर फिरवतात, म्हणजे तो पोकळ कडेत जाऊन बसतो. घोडा ओढला की फायरिंग पिन ती कड चेचते. चेचलेली कड पुन्हा भरता येत नाही. कारखान्यातून जे आलं ते आलं. नेमबाजाच्या हाती फक्त निवड.

म्हणून मिस्त्रींकडे तक्रार आली की ते आधी गोळीकडे बघतच नाहीत. त्यांचा क्रम ठरलेला आहे. मी तिथे असताना एका सतरा वर्षांच्या मुलीची रायफल आली होती. गुण काही महिन्यांपासून घसरत होते. प्रशिक्षक म्हणाले श्वास चुकतोय, घरचे म्हणाले बारावीचं टेन्शन, आणि मुलगी काहीच म्हणत नव्हती.

मिस्त्रींनी तिच्या जुन्या टार्गेटांची चळत मागितली. बार दोन वेगळ्या गटांत पडत असतील तर काहीतरी सैल आहे: पीप साइटचा पाया किंवा दस्त्याचे स्क्रू. आडवे पसरले तर वारा, नाहीतर रायफल कलते आहे. उभे पसरले तर संशय ठिणगीवर आणि वेगावर. मुलीचे बार उभे पसरत होते.

मग रायफल उघडली. दस्त्याचे स्क्रू टॉर्कच्या पान्यानं तपासले; ते बरोबर होते. नळीच्या तोंडाची कड भिंगाखाली धरली. सफाईची दांडी निष्काळजीपणे घातली तर तिथे ओरखडा पडतो. अमेरिकेतले डॉक्टर फ्रँकलिन मान यांनी आयुष्याची कित्येक वर्षं गोळ्या मुद्दाम बिघडवून उडवण्यात घालवली आणि १९०९मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. गोळीचं नाक ठेचलं तर तिचं फारसं बिघडत नाही, बूड ठेचलं तर ती भरकटते, असं त्यांना दिसलं. नळी सोडताना बुडाखालचा वायू एका बाजूनं आधी निसटला की गोळी तिथेच कलते. तोंडाच्या कडेवरचा ओरखडा नेमकं हेच करतो. मिस्त्रींनी मान यांचं नाव ऐकलेलं नाही. कड मात्र ते प्रत्येक वेळी बघतात.

कड स्वच्छ होती. नळीत कॅमेरा घातला. चेंबरच्या पुढे काजळीचं कडं जमलं होतं, ते काढलं. शेवटी त्यांनी रिकाम्या पुंगळ्या हातात घेतल्या आणि एकेकीच्या कडेवरची पिनेची खूण बघत बसले. खुणा सारख्या खोल नव्हत्या. फायरिंग पिनेची स्प्रिंग थकली होती. कड कधी पुरती चेचली जात होती, कधी अर्धवट. त्यामुळे दारू कधी झटकन पेटायची, कधी रेंगाळून. नवी स्प्रिंग टाकून नळी व्हाइसमध्ये धरली. ग्रुप गोळा झाला, पण पुरता नाही.

“आता गोळी,” मिस्त्री म्हणाले.

त्यांच्या कपाटात एकाच कंपनीची, एकाच नावाची, एकाच किमतीची खोकी होती. फरक फक्त खोक्यावरच्या लॉट नंबरचा. काही कंपन्या त्या बॅचचा मोजलेला वेगही खोक्यावर छापतात. एका लॉटचे दहा बार रुपयाच्या नाण्याखाली झाकले जातील इतके जवळ पडले. दुसऱ्या लॉटचे दोन बार थेट नऊमध्ये गेले. नळी तीच, व्हाइस तोच, हवा तीच. मग त्यांनी शेजारची दुसरी नळी लावली, त्याच जातीची, त्याच कारखान्याची. तिला तो वाईट लॉट आवडला!

“हिला काय शिकवणार आपण? हिला काय आवडतंय ते हिलाच विचारायचं बघा.”

हे असं का होतं, याचं अर्धं उत्तर विज्ञानाकडे आहे. बार होताना नळी थरथरते आणि तिचं तोंड वरखाली हलतं. इंग्लंडमध्ये ए. मॅलॉक यांनी १९०१मध्येच या कंपनांवर शोधनिबंध लिहिला होता. तोंड वर जात असताना गोळी सुटली, तर हळू गोळी थोडी उशिरा, म्हणजे थोडी वरच्या दिशेनं निघते आणि तिची घसरण आपोआप भरून निघते. तोंड खाली येत असताना सुटली तर उलट होतं. म्हणून काही नेमबाज नळीच्या टोकाला सरकतं वजन लावतात आणि थरथर आपल्या बाजूनं वळवतात. उरलेलं अर्धं उत्तर शिशाच्या मऊपणात, गोळीवरच्या मेणात, चेंबरच्या सूक्ष्म मापात विखुरलेलं आहे. ते गोळा करून एखाद्या नळीला कोणता लॉट मानवेल हे आधी सांगणं अजून कुणाला साधलेलं नाही. बार काढून बघणं हाच मार्ग.

युरोपातले संघ तो मार्ग सरळ धरतात. बर्मिंगहॅमजवळ एलीच्या कारखान्यात, जर्मनीत लापुआच्या चाचणी केंद्रात नेमबाज आपली नळी घेऊन जातात, लॉटमागून लॉट तपासतात, आणि मानवला की त्याच लॉटची वर्षभराची खोकी विकत घेतात. तिथून परतलेल्या नेमबाजाला एक निश्चिंती मिळते. नऊ पडला तर तो आपला. तांत्रिक कारण शोधत बसायची गरज नाही.

आपल्याकडे अडचणी इथून सुरू होतात.

खडकीत १८६९पासून दारूगोळ्याचा कारखाना आहे, पण आंतरराष्ट्रीय स्पर्धेत वापरतात ती मॅच गोळी आयात करावी लागते. परवाना, कोटा, असोसिएशनमार्फत मागणी, सीमाशुल्क, वितरक. या साखळीच्या शेवटी जिल्ह्यातल्या मुलीपर्यंत जे पोचतं त्यावर लॉट नंबर असतो, पण तो तिनं निवडलेला नसतो. नळी घेऊन जर्मनी गाठावी, तर राष्ट्रीय संघात निवड व्हावी लागते किंवा प्रायोजक लागतो. आणि निवड होण्यासाठी आधी चांगला लॉट लागतो. विमानातून माणशी पाच किलोपर्यंतच काडतुसं नेता येतात. सराव आणि स्पर्धा धरली तर गंभीर नेमबाजाचा तो काही आठवड्यांचा शिधा.

मानवलेला लॉट सापडला तरी तो संपतो. नव्या खोक्यावर नाव तेच असतं, नंबर वेगळा. शिवाय हवा. दारूचा वेग तापमानानं बदलतो. जानेवारीत जुळवलेली जोडी मे महिन्यात तशीच वागेल याची खात्री नाही. काही रेंजवर काडतुसांची खोकी उन्हात पडलेली असतात, पावसाळ्यात ओलीत.

पलीकडे मोठे प्रश्न उभे आहेत. शिशाच्या वापरावर निर्बंध घालण्याचा प्रस्ताव युरोपीय रसायन संस्थेनं २०२१मध्ये मांडला. ही सगळी विद्या शिशाच्या मऊपणावर उभी आहे. शिसं गेलं तर नळ्या, लॉट, मेण, सगळं पहिल्यापासून जुळवावं लागेल, आणि ते ज्यांच्याकडे चाचणी केंद्रं आहेत त्यांना आधी जमेल. ज्या प्रोन प्रकारात कर्माकर चौथे आले, तो रिओनंतर ऑलिंपिकमधून वगळला गेला. थ्री पोझिशन्स टिकली आहे, पण तीत गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून एकाच नळीतून बार काढायचे असतात; गोळीवरचा अविश्वास तिन्ही ठिकाणी सोबत येतो.

त्या मुलीच्या नळीला मानवलेल्या लॉटची थोडीच खोकी वितरकाकडे उरली होती. वडिलांनी ती सगळी घेतली. ती आता फक्त स्पर्धेसाठी ठेवायची, सराव दुसऱ्या लॉटवर. म्हणजे रोजच्या सरावात नऊ पडला की तो तिचा की गोळीचा, हे तिला कळणार नाही. ती श्वास बदलून बघेल, खांदा बदलून बघेल, पट्टा घट्ट करेल. नसलेली चूक दुरुस्त करताना असलेली सवय मोडते, ही मिस्त्रींची खरी काळजी. नेमबाजी सोडलेल्या मुलांपैकी किती जण अशा लॉटमुळे सुटले असतील, या हिशेबात ते पडत नाहीत. फक्त मान हलवतात.

त्यांच्याकडे एक वही आहे. डावीकडे नळीचा क्रमांक, उजवीकडे मानवलेले आणि न मानवलेले लॉट, बाजूला तारीख आणि त्या दिवशीचं तापमान. जिल्ह्यातल्या बऱ्याच नळ्या तिच्यात आहेत. राज्यात अशा नोंदी एकत्र झाल्या, प्रत्येक विभागीय संकुलात एक व्हाइस आणि एक टार्गेट बसलं, आणि आलेले लॉट वाटण्याआधी नळ्यांशी जुळवून मग वाटले, तर एकाला न मानवलेली खोकी दुसऱ्याच्या कामाला येतील. खर्च एखाद्या संकुलाच्या कमानीपेक्षा जास्त नसावा. अडचण अशी की यात उद्घाटन करण्याजोगं काही नाही, आणि काडतुसांची देवघेव परवान्याच्या नियमांत बसवायला कुणीतरी अधिकारी धीरानं बसायला हवा.

पदक कुणाला मिळेल हे अशा व्यवस्थेतून ठरणार नाही. नऊ पडला तर तो कुणाचा, एवढंच ठरेल. सतरा वर्षांच्या मुलीला ते स्पर्धेच्या दिवशी नव्हे, रोजच्या सरावात कळायला हवं.