ओव्हरक्लॉकिंग म्हणजे काय? प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डचा वेग सुरक्षितपणे कसा वाढवायचा?

मोबाईलवर तासभर गेम खेळलात की फोन तापतो आणि गेम अडकायला लागतो. कारण स्वतःला वाचवण्यासाठी फोन प्रोसेसरचा वेग कमी करतो. डेस्कटॉपवर याच्या उलटंही करता येतं. कंपनीने ठरवलेल्या वेगापेक्षा चिप जास्त पळवायची, यालाच ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. पण घाई केली तर हजारो रुपयांची चिप हातची जाऊ शकते. म्हणून आधी नीट समजून घेऊया.

धोका नेमका कुठे असतो?

प्रोसेसरचा वेग म्हणजे बेस क्लॉक गुणिले मल्टिप्लायर. बेस क्लॉक १०० मेगाहर्ट्झ आणि मल्टिप्लायर ५० असेल, तर वेग ५ गिगाहर्ट्झ. मल्टिप्लायर वाढवला की वेग वाढतो, पण एका मर्यादेनंतर चिपला जास्त व्होल्टेज लागतं. वीज वेगाच्या पटीत वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत! म्हणजे दोन्ही १०% वाढवले, तर वीज आणि उष्णता सुमारे ३३% वाढते.

उष्णता वाढली तर प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो. जास्त व्होल्टेजने होणारं नुकसान मात्र कायमचं असतं. २०२४ मध्ये इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये हेच दिसलं. गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मिळाल्यामुळे ते अस्थिर झाले. कंपनीने अपडेट दिलं, पण आधीच खराब झालेल्या चिप्स त्याने दुरुस्त होत नाहीत.

सुरू करण्याआधी हे तपासा

- इंटेलमध्ये साधारणपणे 'के' अक्षराचं मॉडेल आणि 'झेड' मालिकेचा मदरबोर्ड लागतो. एएमडी रायझनचे बहुतेक प्रोसेसर चालतात, पण ए५२० किंवा ए६२० मदरबोर्डवर ही सोय नसते.
- पॉवर सप्लाय चांगल्या कंपनीचा हवा. स्वस्तातल्या लोकल पॉवर सप्लायवर हा प्रयोग करूच नका.
- महत्त्वाच्या फाइल्सचा बॅकअप घ्या.
- वॉरंटीच्या अटी वाचा. ओव्हरक्लॉकिंगमुळे झालेलं नुकसान बऱ्याचदा वॉरंटीत बसत नाही.

पहिले ग्राफिक्स कार्ड

नवीन माणसासाठी हे सोपं आहे, कारण कार्ड स्वतःच व्होल्टेजवर मर्यादा ठेवतं.

१. एमएसआय आफ्टरबर्नर हे फ्री सॉफ्टवेअर घ्या. ते इतर कंपन्यांच्या कार्डवरही चालतं.
२. कोअर क्लॉक २५ मेगाहर्ट्झने वाढवा आणि जड गेम किंवा बेंचमार्क चालवा.
३. स्क्रीनवर ठिपके, रंगीत चौकोन दिसले किंवा गेम बंद पडला, तर ५० मेगाहर्ट्झ मागे या.
४. मग मेमरी क्लॉक थोडा थोडा वाढवा. गेम बंद न पडता एफपीएस कमी होत असेल, तरी मागे या. काही कार्डमध्ये मेमरी चुका दुरुस्त करण्यात वेळ जातो.

व्होल्टेजला हात लावू नका. आणि पूर्ण टेस्टिंग होईपर्यंत विंडोज सुरू होताच सेटिंग लागू होईल असं ठेवू नका.

आता प्रोसेसर

बायोसमध्ये जाऊन मल्टिप्लायर एकेक पायरीने वाढवा. प्रत्येक वेळी सिनेबेंच अर्धा तास चालवा आणि एचडब्ल्यूइन्फोमध्ये तापमान बघा. ८५ अंशांच्या आत राहिलात तर उत्तम. ब्लू स्क्रीन आली तर एक पायरी खाली. कॉम्प्युटर सुरूच झाला नाही तर घाबरू नका, मदरबोर्डवर 'क्लिअर सीमॉस' केलं की मूळ सेटिंग परत येतं.

एक लक्षात ठेवा, खोली जितकी तापेल जवळपास तितकाच प्रोसेसरही तापतो. जानेवारीत नीट चाललेलं सेटिंग नागपूर-जळगावच्या मे महिन्यात टिकेलच असं नाही. उन्हाळ्यात पुन्हा टेस्ट करा.

मग करावं की नाही?

आजचे प्रोसेसर स्वतःच जमेल तितका वेग वाढवतात, त्यामुळे हाताने फार काही उरत नाही. गेमिंगसाठी ग्राफिक्स कार्डवर प्रयोग करा. प्रोसेसरवर मात्र चांगला कूलर असेल तरच हात घाला. चार-पाच एफपीएससाठी चिप पणाला लावण्यात काही अर्थ नाही!