अल्बमातला नववा अवतार

उलव्यात आमच्या इमारतीतली मुले कानठळ्या बसवणारे मेटल संगीत ऐकतात. आम्हीही ऐकले. मुंबईच्या 'डेमॉनिक रिझरेक्शन' या बँडचा २०१७ चा 'दशावतार'. गुरगुरता आवाज, गिटार-ड्रमचा गदारोळ. पण मेहनत खरी. मत्स्य, कूर्म असे मोजता मोजता नवव्या गाण्यात बुद्ध आले आणि आम्ही चमकलो. बाबासाहेबांनी १९५६ साली नागपुरात दिलेली पाचवी प्रतिज्ञा नेमकी याच समजुतीविरुद्ध आहे!

बँडच्या साहिल मखिजाने 'डेमनस्टीलर' नावाने २०२३ मध्ये 'द प्रोपगंडा मशीन' हा अल्बम काढला. विषय अपप्रचार. मग बुद्ध विष्णूचा अवतार, हा अपप्रचार नव्हे काय? आम्ही मुलांना विचारले. एकाने पाचवी प्रतिज्ञा घडाघडा म्हणून दाखवली. गाणे मात्र बंद केले नाही.