शंकरपट
बैलांची जोडी हलक्या गाडीला जुंपून सरळ पट्ट्यावरून भरधाव पळविण्याची ग्रामीण शर्यत. विदर्भात व मराठवाड्यात ‘शंकरपट’, तर पश्चिम महाराष्ट्रात ‘बैलगाडा’ अथवा ‘बैलगाडी शर्यत’ ही नावे रूढ आहेत. पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागात धावपट्टीलाच ‘घाट’ म्हणतात व बैलांच्या पुढे घोडी पळते. विदर्भातील पटांत अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासर येथील पट विशेष प्रसिद्ध आहे. वळणे, अडथळे किंवा लांबचा पल्ला यांना या शर्यतीत स्थान नाही. कमीत कमी सेकंदांत पट्टा संपविणे एवढेच उद्दिष्ट असल्यामुळे सुरुवातीच्या उसळीला फार महत्त्व असते.

पटाची गाडी म्हणजे छकडा. ओझ्याच्या गाडीतील जे जे शर्यतीला निरुपयोगी ते ते त्यात गाळलेले असते. हाकणारा म्हणजे धुरकरी कसाबसा मावेल एवढीच जागा उरते. दोनचाकी गाडीत आखाच्या मागे भार अधिक झाला, तर जू वर उचलले जाऊन बैलांचा गळा आवळतो. अशा गाडीला ‘उलाळ’ म्हणतात. भार पुढे सरकला, तर तो बैलांच्या मानेवर येतो. म्हणून धुरकऱ्याने शरीराचा तोल आखाच्या आसपास राखणे हे जोडीच्या वेगाइतकेच महत्त्वाचे ठरते.

याच प्रश्नाचे उलटे उत्तर अमेरिकेतील ‘ड्रॅग रेसिंग’ या मोटार शर्यतीत सापडते. तेथे सुमारे ४०२ मी. (पाव मैल) सरळ अंतर उभ्या स्थितीतून कापावयाचे असते आणि मागची चाके जागच्या जागी घसरणे ही मुख्य अडचण असते. क्रायस्लर कंपनीने १९६५ मध्ये डॉज व प्लिमथ गाड्यांचा मागचा आख सु. ३८ सेंमी. व पुढचा सु. २५ सेंमी. पुढे सरकविला. त्यामुळे गाडीचा भार मागच्या चाकांवर पडून पकड वाढली. चाके भलत्याच जागी आलेल्या या बेढब गाड्यांना लोक थट्टेने ‘फनी कार’ म्हणू लागले व पुढे तो शर्यतीचा एक स्वतंत्र वर्गच बनला. मोटारीत जोर चाकातून येतो, म्हणून भार चाकावर हवा. छकड्यात तो बैलाच्या खुरातून येतो आणि चाक नुसते मागून फिरते. मोटारीच्या सांगाड्यावर काय वाटेल ते प्रयोग करता येतात. बैलाच्या बाबतीत तसे करता येत नाही आणि पटाविषयीचा वाद येथूनच सुरू होतो.

बैल हा मुळात ओढकामाचा प्राणी. रवंथ करणाऱ्या या जनावराचे पोट मोठे व खूर दुभागलेला असतो. घोड्याप्रमाणे तो धावण्यासाठी घडलेला नाही. पराणी टोचणे, शेपटी पिरगाळणे यांसारख्या उपायांनी त्याला पळविले जाते, अशा तक्रारी दीर्घकाळ होत होत्या. केंद्र शासनाने ११ जुलै २०११ रोजी बैलाचा समावेश खेळासाठी वापरण्यास मनाई असलेल्या प्राण्यांत केला. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी तमिळनाडूतील जल्लिकट्टूबरोबरच महाराष्ट्रातील या शर्यतींवरही बंदी घातली. राज्य विधिमंडळाने २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली, परंतु मुंबई उच्च न्यायालयाने परवानग्या रोखल्या. अखेर १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींस अनुमती दिली व १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने ही दुरुस्ती वैध ठरविली. जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी व बैलांची पशुवैद्यकीय तपासणी या अटी त्यात आवश्यक आहेत.

शर्यतींमुळे देशी गोवंश टिकतो, हा समर्थकांचा मुख्य युक्तिवाद आहे. चपळ खिलार बैलाच्या बाबतीत तो बऱ्याच अंशी पटतो. विदर्भातील गवळाऊ जातही जलद चालीसाठी प्रसिद्ध आहे. नांदेड व लातूर जिल्ह्यांचे गोवंश मात्र निराळ्या गुणांसाठी जोपासले गेले. लातूर जिल्ह्यातील देवणी, उदगीर, अहमदपूर या भागांतील देवणी जात दूध व ओढकाम अशा दुहेरी उपयोगाची आहे. अंगावरील रंगांवरून तिचे वानेरा, बालंक्या व शेवरा असे प्रकार मानतात. कंधार परिसरातील लाल कंधारी जात गडद लाल रंगाची, मध्यम बांध्याची व काटक असून ती मुख्यतः ओढकामाची आहे. गोदावरी–मांजरा खोऱ्यांतील काळ्या, चिकट जमिनीत दिवसभर नांगर ओढण्यासाठी न थकणारा संथ जोर लागतो. पटाला लागते ती क्षणभराची उसळी. त्यामुळे पट पुन्हा सुरू झाल्याचा लाभ या जातींना आपोआप मिळेल, असे म्हणता येत नाही. हाळी-हंडरगुळीच्या बाजारात किंवा माळेगावच्या खंडोबा यात्रेत जोडीची पारख करताना शेतकरी पायांइतकेच खांद्यांकडे पाहतो, हे त्याचेच द्योतक होय. नांगरटीचे काम ट्रॅक्टरकडे गेल्यापासून त्या खांद्यांची गरज घटली आहे. देवणी गायीला निदान दुधाचा आधार आहे. लाल कंधारीची गाय दूध बेताचेच देते व तिचे मोल बहुतांशी तिच्या गोऱ्ह्यांवर ठरत आले आहे.