बेरीज जुळते, मग ऊर्जा येते कुठून?

संमीलनाचं सगळ्यात परिचित समीकरण हे: ड्यूटेरियम-२ + ट्रिटियम-३ → हेलियम-४ + न्यूट्रॉन-१. फ्रान्समध्ये उभ्या राहत असलेल्या आणि भारताचाही वाटा असलेल्या ईटर प्रकल्पाची सारी भिस्त याच अभिक्रियेवर आहे.

गैरसमज: वस्तुमान घटतं, म्हणजे वस्तुमानांकही घटायला हवा.

वस्तुस्थिती: वस्तुमानांक म्हणजे केंद्रकातल्या प्रोटॉन-न्यूट्रॉनांची शिरगणती. डावीकडे २ + ३, उजवीकडे ४ + १, दोन्हीकडे ५. घट होते ती प्रत्यक्ष वस्तुमानात. अणुवस्तुमान एककात डावी बाजू २.०१४१०२ + ३.०१६०४९ = ५.०३०१५१, तर उजवी ४.००२६०२ + १.००८६६५ = ५.०११२६७. (या आकड्यांत इलेक्ट्रॉनही धरलेले आहेत; पण दोन्हीकडे ते दोन-दोनच, त्यामुळे हिशेब बिघडत नाही.) तूट ०.०१८८८४. एका एककाला ९३१.५ दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्ट या दराने ती १७.६ दशलक्ष भरते.

गैरसमज: म्हणजे पाचांपैकी एखादा कण ऊर्जा होऊन गेला.

वस्तुस्थिती: हा समज फार चिवट आहे. एक अख्खा न्यूट्रॉन खर्ची पडला असता तर सुमारे ९४० दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्ट मिळाले असते; मिळतात १७.६. कण पाचही शाबूत असतात, त्यांची बांधणी तेवढी बदलते. ड्यूटेरियमची बंधनऊर्जा २.२२, ट्रिटियमची ८.४८, मिळून १०.७०. हेलियम-४ ची २८.३०. वजाबाकी करा, पुन्हा १७.६०. जितकी बांधणी घट्ट, तितकं एकूण वस्तुमान कमी. सुटलेल्या ऊर्जेपैकी १४.१ न्यूट्रॉन घेऊन जातो, ३.५ हेलियमच्या वाट्याला येते.

गैरसमज: सूर्यात चार प्रोटॉन एकदम आदळून हेलियम तयार होतो.

वस्तुस्थिती: चौघांची एकाच क्षणी गाठ पडणं जवळपास अशक्यच. आधी दोन प्रोटॉन एकत्र येतात आणि ड्यूटेरियम, पॉझिट्रॉन व न्यूट्रिनो तयार होतात. इथे एका प्रोटॉनचा न्यूट्रॉन झाला, तरी १ + १ = २ + ० + ०. मुलं चुकतात ती नेमकी इथे: पॉझिट्रॉनवर +१ दिसला की तोच वस्तुमानांकात धरतात. तो विद्युतप्रभार, पॉझिट्रॉनचा वस्तुमानांक शून्य. ड्यूटेरियममध्ये आणखी एक प्रोटॉन मिसळून हेलियम-३ होतो, आणि अशा दोन केंद्रकांपासून हेलियम-४ व दोन प्रोटॉन: ३ + ३ = ४ + १ + १. चार हायड्रोजनपेक्षा एक हेलियम हलका भरतो, हे फ्रान्सिस अ‍ॅस्टन यांच्या मोजणीतून १९२० मध्ये पुढे आलं. ही तूट सुमारे ०.७ टक्के. सूर्याची ऊर्जा यातूनच येत असावी, असं आर्थर एडिंग्टन यांनी त्याच वर्षी मांडलं.

वस्तुमानांकाबाबत आणखी एक गल्लत होते: आवर्तसारणीत क्लोरीनखाली लिहिलेला ३५.४५ हाही वस्तुमानांक नव्हे. ती समस्थानिकांची सरासरी आहे.

तेव्हा समीकरण जुळतं का, हे पाहायला पूर्णांक पुरेत. ऊर्जा काढायची असेल, तर मात्र सहा दशांश स्थळांपर्यंतचे आकडे असलेला तक्ता उघडा. २, ३, ४ आणि १ घेऊन बसलात तर उत्तर शून्यच येईल.