टिपणांची खतावणी

पांझरा नदीच्या काठानं दिवसभर फिरून आलं की फोनमध्ये सगळं एकत्र कालवलेलं असतं. बंधाऱ्याच्या भिंतीचे फोटो, पाटावरून चालता चालता केलेलं रेकॉर्डिंग, चहाच्या टपरीवर घाईघाईनं टंकलेल्या दोन ओळी, कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली पीडीएफ, आणि मीच मला धाडलेला एक मेसेज : ‘हवालदार, मोबदला धान्यात?’ त्या दिवशी यातल्या प्रत्येक तुकड्याचा अर्थ स्वच्छ असतो. महिन्यानं त्या प्रश्नचिन्हाचा अर्थ लागेल की नाही, हे मात्र त्याच रात्रीच्या अर्ध्या तासावर ठरतं.

धुळे जिल्ह्यातल्या फड पद्धतीवर मी काही वर्षं लिहितो आहे. नदीवर दगडी बंधारा, त्यातून निघालेला पाट, पाटाखाली भिजणारं सगळं क्षेत्र म्हणजे थळ, आणि त्या थळाचे पाडलेले भाग म्हणजे फड. फडात मालक कितीही असोत, हंगामात पीक एकच. पुढच्या साली ते पीक दुसऱ्या फडात सरकतं. शेतात पाणी पोचवायचं काम पाटकऱ्याचं, राखणीचं जागल्याचं, देखरेखीला हवालदार. शेतकऱ्यांनीच चालवलेली ही व्यवस्था पिढ्यान्‌पिढ्या टिकली आणि तिच्याबद्दलचं बरंचसं ज्ञान आजही माणसांच्या तोंडीच आहे. ही माणसं आता थकली आहेत. हरवलेलं टिपण पुन्हा विचारायला जावं तर सांगणारा भेटेलच असं नाही. म्हणून टिपणं नीट ठेवणं हा माझ्या दृष्टीनं कामाचाच भाग आहे, आणि त्याला मी वेळ काढून ठेवतो.

रीत सापडली ती आपल्या जुन्या हिशेबाच्या वह्यांत. दुकानदार दिवसभराचे व्यवहार आधी रोजकीर्दीत उतरवतो : जसे घडले तसे, तारखेच्या क्रमानं. नंतर त्यांची खतावणी होते, म्हणजे प्रत्येक रक्कम ज्याच्या त्याच्या खात्यावर जाते. यात मला सर्वांत मोलाची वाटते ती एक अरुंद उभी पट्टी. कीर्दीत नोंदीपुढे ‘खा. पा.’ म्हणजे खाते पान लिहितात आणि खात्यात त्याच रकमेपुढे रोजकीर्दीचं पान. दोन्हीकडून एकमेकांकडे जाता येतं. खा. पा. कोरं दिसलं की कळतं, ही रक्कम अजून खतवायची राहिली आहे. अकरावी कॉमर्सचं पुस्तक उघडलेल्या कुणालाही हे ठाऊक असतं. टिपणांच्या बाबतीत मात्र आपण कीर्द लिहितो आणि थांबतो. फोन, लॅपटॉप, क्लाउड सगळीकडे कीर्दच साठत जाते.

माझी कीर्द म्हणजे दिवसाला एक साधी मजकूर फाइल. नाव तारखेचंच, पण आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, म्हणजे फाइली आपोआप काळाच्या क्रमानं उभ्या राहतात. या फाइलीत वर्गवारी करायची नाही. थकलेल्या माणसाला रात्री दहा वाजता ‘हे कुठल्या फोल्डरमध्ये?’ असं विचारलं तर तो काहीच न लिहिता झोपतो. नोंदीला चार गोष्टी हव्यात : कोण, कुठं, कधी, आणि हे मी पाहिलं, ऐकलं की वाचलं. चौथी सगळ्यांत लवकर निसटते. ‘पाटाची रुंदी कमी झाली आहे’ हे वाक्य महिन्यानं वाचताना पाट मी मापला होता की पाटकरीबाबा तसं म्हणाले होते, हे वाक्य स्वतः सांगत नाही. म्हणून प्रत्येक नोंदीच्या शेवटी ‘पाहिलं’, ‘ऐकलं’, ‘वाचलं’ यांपैकी एक शब्द.

फोटोंना त्याच रात्री एक-एक ओळ लागते. आपल्या फोनला फोटोची वेळ ठाऊक असते, परवानगी दिली असेल तर जागाही. पण तोच फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून फोटो म्हणून पाठवला की आकार लहान होतो आणि ही माहितीही गळून पडते. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर टिकते. गावातल्या मित्रांना मी हे एकदा करून दाखवतो, आणि त्यानंतर त्यांचे फोटो तसेच येतात. रेकॉर्डिंगचं लेखन मी सगळं करत नाही. महत्त्वाचं बोलणं कितव्या मिनिटाला आहे तेवढं कीर्दीत घालतो आणि ती दोन-तीन वाक्यं जशीच्या तशी उतरवतो. बोलणं ऐकून टंकणारी सोय प्रमाण मराठीला बरी चालते. अहिराणी बोलणाऱ्या आजोबांपुढे ती अडखळते आणि नसलेली वाक्यं तयार करते. ते काम कानालाच करावं लागतं.

खतावणी रविवारी सकाळी. लॅपटॉपवर एका बाजूला आठवड्याची कीर्द, दुसऱ्या बाजूला खात्यांची यादी. पहिल्या नोंदीवर यायचं आणि विचारायचं : ही कोणत्या खात्यात जाईल?

खात्यांना नावं द्यायची कशी, हा सगळ्या व्यवस्थेतला कळीचा प्रश्न आहे. ‘सिंचन’, ‘इतिहास’, ‘मुलाखती’ अशी नावं कपाटाच्या कप्प्यांना शोभतात. त्यांत वस्तू पडून राहते. माझी खाती प्रश्नांच्या नावानं आहेत : ‘पाटाचा गाळ कोण काढायचं?’, ‘फडातला ऊस का थांबला?’, ‘पाणी कमी पडलं की आधी कोणाचं तोडायचं?’ प्रश्नाच्या खात्यात नोंद टाकताना ती काय सांगते हे ठरवावंच लागतं. तिथं कीर्दीतलं वाक्य उचलून चिकटवायचं नाही. माझ्या शब्दांत एक-दोन ओळी, त्यापुढे कीर्दीच्या त्या दिवसाचा दुवा, आणि कीर्दीत त्या नोंदीपुढे खात्याचा दुवा. आजच्या टिपणांच्या काही ॲपमध्ये दोन चौकटी कंसांत फाइलीचं नाव लिहिलं की दुवा तयार होतो, आणि कोणत्या फाइली त्या फाइलीकडे बोट दाखवतात हेही कळतं. म्हणजे रोजकीर्द पान आपोआप मिळतं. तरी मी दोन्हीकडचे दुवे हातानं घालतो, कारण कोरी राहिलेली जागा डोळ्यांना दिसायला हवी.

या कामात वेग नसतो. काही नोंदी कुठंच जात नाहीत. त्यांच्यापुढे ‘सोडली’ असं लिहितो. पण कीर्दीतून काहीही पुसत नाही.

एका नोंदीचा प्रवास सांगतो. साक्रीच्या बाजूला एका जुन्या पाटकऱ्यांनी सांगितलं की विहिरींवर मोटारी बसल्या, ज्याला त्याला आपलं पाणी झालं आणि फडात सगळ्यांनी मिळून ऊस लावणं बंद पडलं. ही नोंद ‘फडातला ऊस का थांबला?’ या खात्यात गेली. तिथं आधीपासून दुसऱ्या गावच्या एका शेतकऱ्याचं म्हणणं बसलेलं होतं : वरच्या अंगाला धरण झालं, नदीचं वाहतं पाणी आटलं, म्हणून ऊस गेला. एकाला उत्तर मानून दुसरं खोडावं असा मोह अशा वेळी होतो. मी दोन्ही ठेवली, गावांच्या नावांसकट. ती शेजारी-शेजारी आल्यावरच दिसलं की एक गाव बंधाऱ्याच्या जवळ आहे आणि दुसरं पाटाच्या टोकाला, आणि मग विचारायचा नवा प्रश्न मिळाला. वेगवेगळ्या तारखांच्या फाइलींत पडून राहिली असती तर ही दोन वाक्यं कधी भेटली नसती.

कागदावर हे काम किती मोठ्या प्रमाणावर होऊ शकतं याचं उदाहरण पुण्यात आहे. डेक्कन कॉलेजमध्ये १९४८ साली डॉ. सु. मं. कत्रे यांनी संस्कृतच्या ऐतिहासिक तत्त्वांवरील महाकोशाचं काम सुरू केलं. सुमारे दीड हजार ग्रंथांतून शब्द वेचले गेले आणि त्यांच्या सुमारे एक कोटी चिठ्ठ्या झाल्या. शब्द, तो जिथं आला ते वाक्य, ग्रंथ आणि त्यातलं स्थळ, असा चिठ्ठीचा ऐवज. छापील खंड बाहेर पडायला लागले ते १९७० च्या दशकात, म्हणजे चिठ्ठी लिहिणारा हात आणि ती वापरणारा हात कित्येकदा वेगळ्या पिढ्यांचे. तरी काम चालतं, कारण चिठ्ठीला स्वतःचा पत्ता आहे. ती वाचायला लिहिणारा समोर बसलेला असावा लागत नाही. माझं टिपण माझ्याशिवाय कुणाला कळेल का, ही कसोटी मी तिथून घेतली.

जर्मन समाजशास्त्रज्ञ निक्लास लुमान (१९२७–१९९८) यांच्या चिठ्ठीपेटीचं नाव आज टिपणांच्या चर्चेत हटकून निघतं. सुमारे ९०,००० चिठ्ठ्या. त्यांनी काटेकोर विषयवार कप्पे केले नाहीत. प्रत्येक चिठ्ठीला क्रमांक दिला, आणि तिच्यातून सुचलेली नवी चिठ्ठी त्याच क्रमांकाला अक्षर जोडून तिच्या मागे ठेवली. सूचीत एका शब्दापुढे मोजकेच क्रमांक. तिथून आत शिरायचं आणि पुढं दुव्यांच्या वाटेनं जायचं. लोक या पद्धतीतले क्रमांक उचलतात. मला त्यातलं मोठं वाटतं ते एवढंच की नवी चिठ्ठी ठेवण्याआधी जुनी वाचावीच लागते. रविवारची माझी बैठक त्यासाठीच असते. टिपणं आपोआप लावून देणाऱ्या साधनांबद्दल माझी तक्रार आहे ती हीच : ती नेमकं हे वाचन आपल्या हातून काढून घेतात.

‘शोध आहे ना, मग लावायचं कशाला?’ असं तरुण मित्र विचारतात. इंग्रजीत टिपणं ठेवणाऱ्याला हे बऱ्यापैकी निभतं. मराठीत निभत नाही. ‘बंधारा’ असं शोधलं की साधा शोध ‘बंधारा’ एवढंच आणतो. ‘बंधाऱ्यावर’, ‘बंधाऱ्याचा’, ‘बंधाऱ्यातून’ सगळे बाहेर राहतात, कारण सामान्यरूपात शब्दाचं शेपूटच बदलतं. ‘विहीर’ शोधून ‘विहिरीत’ मिळत नाही, ‘पाणी’ शोधून ‘पाण्याची’ मिळत नाही. शब्दाचा न बदलणारा पुढचा तुकडाच शोधावा, ‘बंधा’, ‘विह’, हा उपाय मी रोज वापरतो. पण तुकडा फार आखूड झाला, ‘पा’वरच थांबलं, तर पाट, पाऊस, पाटील सगळे गोळा होतात.

‘बंधाऱ्या’तल्या ‘ऱ्या’चा घोटाळा आणखी खोल आहे. तो टंकण्याच्या दोन रीती आहेत. एकीत ऱ हे युनिकोडमधलं स्वतंत्र अक्षर येतं, दुसरीत साधा र, हलन्त आणि डोळ्यांना न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, साध्या शोधाला मात्र ते दोन वेगळे शब्द वाटतात. फोनचा कळफलक एक रीत वापरतो आणि लॅपटॉपचा दुसरी, असं झालं की एकाच माणसाची टिपणं एकमेकांना ओळखेनाशी होतात. अंकांचंही तसंच, देवनागरी १९७२ आणि इंग्रजी आकड्यांतलं तेच साल शोधाच्या लेखी वेगळं. त्यात अहिराणीत पाण्याला ‘पानी’ म्हणतात, आणि सांगणाऱ्याचा शब्द मी बदलत नाही.

यावर माझा उपाय साधा आहे. प्रत्येक टिपणाच्या डोक्यावर खुणेची एक ओळ : बंधारा, पाणी, पाटकरी, जागल्या. शब्द मूळ रूपात, प्रमाण लेखनात, नेहमी त्याच कळफलकावरून. खाली मजकुरात माणसाचं बोलणं आहे तसं. हे शब्द एका वेगळ्या फाइलीत लिहून ठेवलेत आणि नवा शब्द सहसा वाढवत नाही. खुणा शेकड्यांनी झाल्या की त्या खुणा राहत नाहीत.

जुन्या डीटीपी फॉन्टांत टंकलेले मजकूर हे वेगळंच दुखणं. एका निवृत्त शिक्षकांनी गावच्या पाटाविषयी लिहिलेली पानं फाइलीच्या रूपात मिळाली. उघडली तर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा चिखल. युनिकोडपूर्व फॉन्टांत प्रत्येक कंपनीची अक्षरांची मांडणी वेगळी होती. तो फॉन्ट नसेल तर मजकूर वाचता येत नाही, असला तरी शोधता येत नाही. परिवर्तक वापरून तो युनिकोडमध्ये आणला, मग जोडाक्षरं आणि रफार मूळ छापील प्रतीशी ताडून हातानं दुरुस्त केले. माझी टिपणं साध्या मजकूर फाइलींत असतात ती याचसाठी. ॲप बदललं, बंद पडलं, तरी फाइल उघडते. एक प्रत बाहेरच्या डिस्कवर असते.

सांगणाऱ्यांची नावं, फोन नंबर, गट नंबर मी या टिपणांत ठेवत नाही. ते वेगळ्या फाइलीत, कुलूप लावून. टिपणांत फक्त खूण : ‘पाटकरी, टोकाचं गाव’. पाण्याचे तंटे अजून जिवंत आहेत. कुणाचं विश्वासानं केलेलं बोलणं माझ्या फोल्डरमधून भलत्याच्या हाती जाऊ नये.

‘पाटाचा गाळ कोण काढायचं?’ या खात्यात एकाच आशयाच्या बऱ्याच नोंदी जमल्या होत्या : हंगामाआधी घरटी एक माणूस यायचा. लेखासाठी खातं वरून खाली वाचलं तेव्हा सांगणाऱ्यांच्या खुणांकडे लक्ष गेलं. एकूण एक पुरुष. सुट्या नोंदींत हे दिसण्यासारखं नव्हतंच. पुढच्या फेरीत एका आजींना तोच प्रश्न विचारला. त्या म्हणाल्या, “माणूस म्हणजे मीच की. मालक बाजाराला जायचे, टोपली मी उचलायची.” मग शेजारच्या दोघी-तिघी बोलू लागल्या. गाळाच्या टोपल्या, कडेवरची मुलं, दुपारच्या भाकरी आणि हजेरी लागायची ती घरच्या पुरुषाच्या नावानं.

या बोलण्याची खतावणी झाली आहे. त्या खात्याखाली आता पुढच्या फेरीचे प्रश्न आहेत : हजेरी कोण लिहायचं, आणि ती वही कुणाच्या घरी आहे? बाई आली तर दिवस पुरा धरत की अर्धा? ज्या घरात पुरुषच नव्हता, त्या घराचं नाव यादीत होतं का?