थर्मोस्टॅटवर फुकटचा आळ

"निकाल दो सरजी, इंडिया में इसका क्या काम!"

कश्मिरी गेटच्या स्पेअर पार्टच्या गल्ल्यांत, मायापुरीच्या भंगारात, करोल बागेत, नॉयडातल्या पत्र्याच्या शेडखाली हे वाक्य मी दिल्लीत आल्यापासून ऐकतो आहे. पुण्याला गेलो की तेच मराठीत ऐकू येतं: "काढून टाका साहेब, आपल्याकडं त्याची गरजच नसते." काढायची वस्तू म्हणजे थर्मोस्टॅट, इंजिनाच्या वरच्या होज पाइपच्या तोंडाशी बसणारी छोटी झडप. गाडी तापली की पहिला बळी तिचा.

ताजं निमित्त एका मित्राच्या 1966 सालच्या एम.जी.बी.चं. दोन सीटांची, उघड्या टपाची ब्रिटिश स्पोर्ट्स कार, 1798 सीसीचं इंजिन. मूळ रेडिएटर गळायला लागला म्हणून त्याने बाहेरून जाड ॲल्युमिनिअमचा रेडिएटर मागवला आणि एप्रिलमध्ये बसवून घेतला. मेकॅनिकने इंजिनावरचा पंखा काढून इलेक्ट्रिक पंखा लावला, आणि जाता जाता थर्मोस्टॅटही काढून मित्राच्या हातात ठेवला. रिकाम्या रस्त्यावर काटा इतका खाली राहायला लागला की मित्र खूश. मे महिन्यात गाडी पुन्हा गॅरेजकडे नेताना आश्रम चौकाच्या गर्दीत ती उकळली. आता मित्र म्हणतो ॲल्युमिनिअम रद्दी, आणि मेकॅनिक म्हणतो याहून मोठा रेडिएटर घ्या. थर्मोस्टॅट दोघांच्याही हिशेबात नाही.

तर मुळापासून सांगतो. रेडिएटर ठरवतो की इंजिनाची जास्तीत जास्त किती उष्णता बाहेर टाकता येईल. थर्मोस्टॅट ठरवतो की इंजिन कमीत कमी किती गरम राहील. पहिलं छप्पर, दुसरी जमीन. पाणी ठरलेल्या तापमानाला पोचेपर्यंत झडप बंद असते, नंतर हळूहळू उघडते. पूर्ण उघडल्यावर तिचं काम संपतं आणि पुढची जबाबदारी रेडिएटर, पंखा आणि पंपाची. म्हणजे गाडी उकळते आहे आणि झडप पूर्ण उघडी आहे, तर ती काढून उकळणं थांबणार नाही. जमीन उकरून छप्पर उंच होत नाही.

"पण काढल्यावर काटा खाली आला की!" येणारच. मोकळ्या रस्त्यावर, ज्या वेळी मुळात काही बिघडलेलं नव्हतं, त्या वेळी खाली आला. उरलेल्या काही गाड्यांत काढल्याने खरोखर फरक पडतो, कारण झडप बंद अवस्थेत अडकलेली असते. त्यावर उपाय नवी झडप हा आहे. संशय असेल तर स्वयंपाकघरात तपासा: पातेल्यात पाणी तापवा, झडप दोऱ्याने लटकवा, सोबत थर्मामीटर धरा. तिच्यावर कोरलेल्या आकड्याच्या आसपास उघडली तर ती निर्दोष. पाच मिनिटांचं काम आहे, पण कुणी करत नाही.

"हे सगळं विलायतेतल्या थंडीसाठी" हा पुढचा युक्तिवाद. इथे एम.जी.बी.चं वर्कशॉप मॅन्युअलच उघडावं. त्यात तीन थर्मोस्टॅट दिले आहेत: सर्वसाधारण 82 अंशांचा, थंड देशांसाठी 88 चा आणि उष्ण देशांसाठी 74 अंशांचा. कंपनीने आपल्यासारख्यांचा विचार साठ वर्षांपूर्वी केला होता आणि तिचं उत्तर होतं आठ अंश कमी. काढून टाका असं तिने कुठेही म्हटलेलं नाही. शिवाय दिल्ली म्हणजे फक्त मे नव्हे. जुन्या गाड्यांच्या रॅली इथे हिवाळ्यातच भरतात. स्टेट्समनची रॅली 1964 पासून चालू आहे. जानेवारीच्या धुक्यात पारा चार-पाच अंशांवर असताना थर्मोस्टॅट नसलेलं इंजिन नीट तापतच नाही. चोक ओढून ठेवावा लागतो, जास्तीचं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरतं, ऑइलमधली वाफ बाहेर पडत नाही. मग ऑइलच्या झाकणाखाली साबणाच्या फेसासारखा पांढरा थर दिसतो आणि लोक हेड गास्केट गेलं म्हणून रडत येतात.

आता दुसऱ्या पंथाकडे वळू, कारण थर्मोस्टॅटची बाजू घेणारेही कमी नाहीत आणि त्यांचं कारण तितकंच चुकीचं आहे. ते म्हणतात, झडप काढली की पाणी रेडिएटरमधून इतक्या वेगाने जातं की त्याला थंड व्हायला वेळच मिळत नाही. अहो, तेच पाणी पुन्हा फिरून येतं ना? बंद चक्रात पाणी जितकं वेगाने फिरेल तितकी रेडिएटरची जाळी वरपासून खालपर्यंत गरम राहील आणि तितकी जास्त उष्णता हवेत जाईल. झडप काढून गाडी जास्त तापते ती वेगळ्या कारणांनी. अनेक इंजिनांत बायपास म्हणजे आडवाट असते. थर्मोस्टॅट उघडताना ती वाट बंद करतो; तो नसला की गरम पाण्याचा एक भाग रेडिएटरला न भेटताच पंपाकडे परततो. दुसरं, झडपेच्या अडथळ्यामुळे इंजिनाच्या आत पंपाचा थोडा दाब टिकून राहतो. तो गेला की सिलिंडरभोवतीच्या सर्वांत गरम जागी पाण्याचे बुडबुडे लवकर धरतात.

ही काढून टाकायची रीत आली कुठून, याबद्दल माझा एक अंदाज आहे. जुने थर्मोस्टॅट भात्याचे असत. भाता फुटला तर झडप उघडी राहायची, गाडी चालत राहायची. नंतर मेणाचे आले, ते बिघडले की बहुधा बंद अडकतात. खंडाळ्याच्या घाटात बोनेट उघडून उभ्या असलेल्या फियाट आणि अँबॅसेडर ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना ठाऊक आहे, की तिथे कुणी पातेलं-थर्मामीटर घेऊन बसणार नव्हतं. काढली, फेकली, पुढे निघाले. त्या दिवसापुरतं ते शहाणपणाचंही असेल. त्याचा नियम झाला हे दुखणं.

मोठ्या रेडिएटरची खरी गरज कुठे आहे? आकडा पाहा. रेडिएटरचं काम पाणी आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर चालतं. पाणी 90 अंशांवर आणि हवा 20 वर असेल तर फरक 70. 29 मे 2024 ला सफदरजंगला 46.8 अंश होते, म्हणजे फरक 43. तोच रेडिएटर, तेच इंजिन, पण क्षमता साधारण साठ टक्के. (त्याच दिवशी मुंगेशपूरला 52.9 नोंदले गेले आणि देशभर बोंब झाली. हवामान खात्याने तपासलं, तर तिथला सेन्सर तीन अंश जास्त दाखवत होता. तेव्हा काट्यावर विश्वास ठेवण्याआधी काटा तपासावा, हे गाडीलाही लागू.) म्हणून दिल्लीत चांगला रेडिएटर घालणं वेडेपणा नाही. पण चांगला म्हणजे केवळ जाड नव्हे. हवा नळ्यांच्या पहिल्या ओळीतून जातानाच तापते. तिसऱ्या-चौथ्या ओळीला गरम हवाच मिळते, वर जाड जाळीतून हवा ढकलायला पंख्याला जास्त जोर लागतो. समोरचं क्षेत्रफळ, पंख्याभोवतीचा श्राउड आणि कडेच्या फटी बुजवणारी फोमची पट्टी, या तीन गोष्टी चौथ्या ओळीपेक्षा जास्त कामाच्या. श्राउड नसला की पंखा तीच गरम हवा घुसळत बसतो.

तांबं की ॲल्युमिनिअम, यावर चहाच्या टपरीवर मारामाऱ्या होतात. तांबं उष्णता जास्त चांगली वाहून नेतं हे खरं, पण जुन्या रेडिएटरच्या नळ्या पितळेच्या आणि सांधे कथिल-शिशाचे असतात. ॲल्युमिनिअममध्ये रुंद नळ्या घेता येतात आणि वजन कमी होतं. दोन्ही चालतात. बोअरवेलचं पाणी मात्र दोन्हींत चालत नाही. क्षार धरतो, ॲल्युमिनिअमला भोकं पडतात. डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट, बस.

कूलंट जितका जास्त तितकं इंजिन थंड? उलट: निव्वळ पाणीच उष्णता जास्त वाहून नेतं, कूलंट गंज अडवतो आणि उकळण्याचा बिंदू वाढवतो, म्हणून निम्मं-निम्मं.

जास्त दाबाच्या झाकणाने गाडी थंड राहत नाही, फक्त उशिरा उकळते. साठीच्या दशकातल्या सात-दहा पौंडांच्या यंत्रणेला नव्या रेडिएटरसोबत आलेलं पंधरा पौंडांचं झाकण लावलंत, तर जुना हीटर तुमच्या पायांवर गळेल.

रेडिएटर बदलला म्हणून व्हिंटेज दर्जा जात नाही. केंद्राच्या जुलै 2021 च्या नियमांत पन्नाशी ओलांडलेल्या गाडीच्या चॅसी, बॉडी आणि इंजिनातल्या मोठ्या फेरफाराबद्दल बोललं आहे. जाड रेडिएटर बसवण्यासाठी पत्रा कापणं हा मात्र स्वतःहून ओढवून घेतलेला वाद. याच नियमांनी रोजच्या वापराला मनाई केली आहे, दुरुस्तीसाठी नेता येतं. मित्र नेमका त्याच कामाला निघाला होता.

तर त्याची गाडी. 74 अंशांचा थर्मोस्टॅट परत बसवला. रेडिएटरमध्ये खोट नव्हती. मग इलेक्ट्रिक पंखा पाहिला. 1966 च्या एम.जी.बी.त बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असतं, आजच्या गाड्यांच्या नेमकं उलटं. मेकॅनिकने सवयीने काळी वायर बॉडीला लावली होती. पंखा सुरू झाला, आवाजही झकास. मी ग्रिलसमोर वर्तमानपत्राचं अर्धं पान धरलं. पंखा हवा आत ओढत असेल तर ते जाळीला चिकटायला हवं होतं.

ते फडफडत उडालं आणि मेकॅनिकच्या छातीवर जाऊन बसलं. पंखा महिनाभर इंजिनाची गरम हवा पुढे फेकत होता.

वायरी उलट करायला दोन मिनिटं लागली. आता प्रश्न एवढाच राहिला आहे की त्या काळचा 22 अँपिअरचा डायनॅमो हा पंखा आणि हेडलाइट एकाच वेळी किती दिवस ओढेल. मेकॅनिकचं उत्तर तयार आहे: "हेडलाइट निकाल दो सरजी, रात को कौन चलाता है!"